नऊ टाळ्या आणि सम

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या कथकच्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी आली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मिरजेत घराच्या वरच्या मजल्यावर मी सोळा वर्षं वर्ग घेते. मुली येतात, जातात, त्यात नवल नाही. पण ही गेली ती जिन्यात बसून, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून. वर पंधरा मुली घुंगरू बांधून ततकार, म्हणजे पायांनी ताल वाजवण्याचा सराव, करत होत्या. तिची आई आली, तिला उचलून घेतलं आणि मला म्हणाली, “ताई, तिला ऑटिझम आहे. आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं की कुणी घेतच नाही.”

ते वाक्य मनातून जाईना. माझ्या प्रवेश अर्जावर रक्तगटाचा रकाना होता. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का, हे विचारणारा रकाना नव्हता. तो मी त्याच आठवड्यात घातला. ते कुटुंब मात्र एप्रिलमध्ये बदलीमुळे पुण्याला गेलं आणि त्यांची माफी मागायचं माझ्याकडून राहून गेलं.

मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता सांगलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात एक्केचाळीस मुलं. त्यांत दोघांना ऑटिझम, एक मुलगी जागेवर दोन मिनिटं टिकत नाही आणि दोघांचं वाचन अडलेलं. ती म्हणाली, “ताई, कलेचा तास माझ्याकडेच आहे आणि मला चित्र काढून घेण्यापलीकडे काही येत नाही. तुम्ही याल का?” मी लगेच हो म्हटलं. प्रत्यक्ष पहिला तास घ्यायला चार महिने लागले. कुठं काय लागतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या चार महिन्यांत सारखं वाटायचं. म्हणून हे सगळं तपशिलानं लिहिते आहे.

आधी मी स्वतः शिकायला गेले. जूनच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारी पुण्यात एक अभ्यासवर्ग होता. फी साडेसात हजार, मुक्काम मावशीकडे. चार दिवसांत कुणी तज्ज्ञ होत नाही. पण नृत्योपचार आणि नृत्य शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथं डोक्यात पक्कं बसलं. नृत्योपचाराला स्वतंत्र शिक्षण लागतं. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने कोलकात्याच्या ‘संवेद’ या संस्थेबरोबर त्याचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. तिथंच मेरियन चेस या अमेरिकन नर्तकीबद्दल ऐकलं. १९४०च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात त्या मनोरुग्णांबरोबर काम करायच्या. रुग्ण झुलत असेल तर त्याही त्याच लयीत झुलायच्या आणि तिथून संवाद सुरू करायच्या. १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. मला हे फार जवळचं वाटलं, कारण आमच्याकडे गुरू नाचतात आणि शिष्य बघून करतात. इथं उलटं होतं. मोठ्या माणसानं आधी बघायचं.

परतल्यावर अर्ज लिहिला. पहिलंच वाक्य होतं, “मी थेरपिस्ट नाही, कथक शिक्षिका आहे.” हे वाक्य प्रत्येकानं लिहावं असं मी आग्रहानं सांगेन. पालकांच्या आशा फार हळव्या असतात आणि “उपचार” हा शब्द उच्चारला की त्या आपल्यावर येऊन टेकतात. दुसऱ्या परिच्छेदात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा उल्लेख केला. त्याच्या १६व्या कलमात शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं स्पष्ट आहे. अर्जात कायद्याचं कलम असलं की कागद टेबलावरून टेबलावर जातो, बाजूला पडून राहत नाही.

१८ जूनला अर्ज मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे दिला. दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेतली. ही पोच पुढे तीनदा कामाला आली. बाईंचा विरोध नव्हता, पण संस्थेचे सचिव म्हणाले, “शिक्षण विभागाची परवानगी आणा.” त्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब बैठकीला गेले होते, दुसऱ्या खेपेला आवक क्रमांक मिळाला. तिसऱ्या खेपेला कळलं, की तास शाळेच्या वेळापत्रकातल्याच कला तासिकेत होणार असेल, वर्गशिक्षिका हजर असणार असेल आणि बाहेरची व्यक्ती मानधन घेणार नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पुरेसा आहे. वेगळ्या परवानगीची गरज नव्हतीच. एका सहृदय लिपिकांनी हे मला सांगितलं आणि ठरावात कोणती वाक्यं असावीत तेही सांगितलं. दुसऱ्या शाळेत नियम वेगळा लावतील कदाचित, पण खेपा घालण्याआधी “समितीचा ठराव चालेल का?” हा प्रश्न विचारून घ्या.

जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढायला लागलं. सांगलीत त्या दिवसांत आयर्विन पुलाखालची पातळी सोडून कुणी दुसरं काही बोलत नाही, आणि बोलूही नये. समितीची बैठक पुढे ढकलली गेली. ती झाली ९ ऑगस्टला.

त्या बैठकीतला एक प्रसंग मनाला लागला. एक पालक सदस्य म्हणाले, “आमच्या पोरांचा तास या मुलांसाठी का घालवायचा?” रागानं नाही, काळजीनं. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. उत्तर दिलं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षिकेनं. तिच्याकडे बऱ्याच शाळा आहेत, आमच्या शाळेत ती पंधरवड्यातून एकदा येते. ती म्हणाली, “मुलं वेगळी काढूच नका. पाच ही आणि सात ज्यांना आवड आहे ती, असा बाराचा गट करा. पाच मुलांना बाहेर काढलं की अख्खी शाळा त्यांना ‘ती पाच’ म्हणणार.” माझ्या मूळ अर्जात वेगळा गट होता. तो मी तिथंच खोडला आणि ठराव झाला.

त्याच महिन्यात राज्य सरकारनं शाळांतल्या सुरक्षिततेबद्दल शासन निर्णय काढला आणि शाळेत येणाऱ्या माणसांच्या चारित्र्य पडताळणीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मला पोलिसांचा दाखला आणायला सांगितलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. बोलता न येणाऱ्या मुलाजवळ जाणाऱ्या माणसाची चौकशी व्हायलाच हवी. अर्ज ऑनलाइन भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, शाळेचं पत्र. शाळेचं पत्र आधीच हातात ठेवा, कारण दाखला कशासाठी हवा याचा कागद मागतात. एकदा पोलीस ठाण्यात जाऊन यावं लागलं. दाखला एकोणिसाव्या दिवशी मिळाला.

तोपर्यंत आम्ही पालकांची संमतिपत्रं तयार केली. वर्गशिक्षिकेनं आणि मी एका संध्याकाळी बसून प्रश्न लिहिले: कोणता आवाज सहन होत नाही? कुणी हात लावलेला चालतो का? फिट येते का? पायांचा, घोट्याचा काही त्रास? घाबरल्यावर घरी काय करता? कोणत्या गोष्टीनं शांत होतो? फोटोची परवानगी वेगळ्या ओळीत, वेगळ्या सहीची. आणि प्रमाणपत्र मागायचं नाही, हे आधीच ठरवलं. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ज्यांच्याकडे होतं ते एकच मूल. अतिचंचलता कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत वेगळी धरलेलीच नाही, आणि वाचन-लेखनाच्या अडचणीची पक्की तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर होते. प्रमाणपत्राची अट घातली असती तर ज्यांच्यासाठी तास होता त्यांतली चार मुलं दाराबाहेर राहिली असती. कार्ड काढावंच, पुढे दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी असे कागद लागतात. पण नाचायला ते लागू नये.

मुलांची नावं इथं देणार नाही. माझ्या डायरीत मी त्यांना नाचाच्या बोलांची नावं दिली होती, तीच वापरते. थुंगा हा आठ वर्षांचा मुलगा, ऑटिझम असलेला. दोन-चार शब्द बोलतो, बाकी हातानं दाखवतो. तिगदा ती न टिकणारी मुलगी. क्रान म्हणजे वाचन अडलेला, चालताना बाकांना धडकणारा, “मला नाही येत” हे वाक्य सगळ्यांत आधी म्हणणारा मुलगा.

पहिला तास मंगळवारी, २४ सप्टेंबरला. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, पस्तीस मिनिटं. सभागृहात शहाबादी फरशी होती, तिच्यावर मुलांना पाय आपटायला लावणं बरं नाही, म्हणून रबरी चटया आणल्या. सहा चटया दोन हजार चारशेला. सतरंजी सरकते, ती घेऊ नका. घुंगरू मी बांधलेच नव्हते. इतकं तरी फेब्रुवारीनं शिकवलं होतं. पण स्पीकर नेला होता, त्यावर लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावला, आणि ते रिकामं सभागृह इतकं घुमलं की शेजारच्या वर्गातले पाढेसुद्धा त्यात मिसळले. थुंगा कोपऱ्यातल्या बाकाखाली गेला. तिगदानं सभागृहाला चार फेऱ्या मारल्या. मी घाबरले आणि जे सोळा वर्षं करत आले तेच केलं: थुंगाजवळ गेले, त्याचा हात धरला आणि त्याला उभं करायला गेले. त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला.

तास संपल्यावर विशेष शिक्षिका माझ्या मनगटाला बर्फ लावत म्हणाली, “हात धरण्याआधी विचारायचं. तो बोलत नसला तरी विचारायचं.” एवढंच. ओरडली नाही, समजावत बसली नाही. हा चावा मी त्याची चूक म्हणून कधी सांगितला नाही. त्याला दुसरं काही सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

शुक्रवारी स्पीकर नेला नाही. पंखे बंद केले, खिडक्या उघडल्या. फरशीवर रंगीत टेपनं बारा चौकोन केले, प्रत्येकाचा एक, कायमचा. पुठ्ठ्यावर चार चित्रं चिकटवली: नमस्कार, पावलं, खेळ, चटईवर पडणं. एक झालं की ते चित्र उलटं करायचं. रोज तोच क्रम. माझ्यातली कलाकार पहिल्यांदा कुरकुरली, पण मुलांना, आणि फक्त त्या पाचांना नव्हे, पुढे काय येणार हे माहीत असलं की त्यांचे खांदे खाली येतात. हे डोळ्यांना दिसतं. बाजारातून कान झाकायच्या पट्ट्याही आणल्या, यंत्रावर काम करणारे कामगार वापरतात त्या. साडेतीनशेला एक, दोन घेतल्या. कुणीही वापराव्यात असं सांगितलं, त्यामुळे त्या “थुंगाच्या” झाल्या नाहीत.

संगीत म्हणजे फक्त माझी पढंत, तोंडानं म्हटलेले बोल. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मांडीवर हात मारून, हळू. ज्याला पाय वाजवायचा त्यानं वाजवावा, ज्याला फिरायचं त्यानं फिरावं. आणि मग मी चेसबाईंचा धडा गिरवला. थुंगा पंजे डोळ्यांजवळ नेऊन बोटं फडफडवत असे. मी त्याच्या चौकोनापासून दोन हात दूर बसले आणि तसंच केलं, त्याच लयीत. एरवी हीच गोष्ट “हात खाली” म्हणून थांबवली जाते. त्यानं पाहिलं नाही. पुढच्या तासाला लय बदलली, मीही बदलली. तिसऱ्या तासाला त्यानं थांबून तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मुद्दाम एक हात थांबवला. मी माझा तोच हात थांबवला. त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

त्याच सुमारास मी एक सुटा घुंगरू नेऊ लागले. पायात शंभर वाजतात तेव्हा त्रास होतो, एकच असला तर? डब्यातून प्रत्येकानं एक घ्यायचा, तास संपताना परत ठेवायचा. बाकीची मुलं वाजवत. थुंगा वाजवत नसे. अंगठा आणि तर्जनीत धरून तो घुंगरू इतका सावकाश फिरवी की आतली गोळी भिंतीला चिकटूनच घरंगळत जाई, आणि आवाज होण्याच्या आधीच तो दिशा बदले. मी घरी येऊन तसं करून पाहिलं. मला जमलं नाही. तेव्हापासून ‘याला लय कळत नाही’ हा विचार माझ्या डोक्यातून कायमचा गेला.

नवरात्रात भोंडला झाला. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरला. हात धरायचे नव्हते, प्रत्येकानं दोरीची एकेक गाठ धरायची. दोरीमुळे अंतर राहतं आणि फेरही तुटत नाही. झिम्म्याला थुंगा आला नाही. फुगडी मात्र तिगदाला इतकी आवडली की ती थांबेचना आणि नंतरचा गणिताचा तास वर्गशिक्षिकेला फार जड गेला. विशेष शिक्षिकेनं कारण सांगितलं: गिरकीनं तोल सांभाळणारी आतल्या कानाची यंत्रणा चेतते, आणि काही मुलं तशीच चेतलेली राहतात. तिला खाली आणायला सांध्यांवर, स्नायूंवर भार देणारं काम लागतं. मग फुगडी आधी आणि तिच्यानंतर भिंत ढकलणं, जड पावलं, वारकऱ्यांसारखी पावली, असा क्रम ठेवला. फरक पडला. क्रानसाठीही हीच पावलं उपयोगी पडली. आपलं शरीर कुठं आहे ते त्याला पाय दाबून टाकला की कळतं. लेझीम हातात दिली तेव्हा तिच्या वजनानं त्याचा हात पहिल्यांदा सरळ गेला.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. तास संपवणं. “चला, झालं” म्हटलं की थुंगा घुंगरू सोडत नसे. डबा पुढे केला की फरशीवर आडवा पडे, कधी डोकं आपटे. वर्गशिक्षिका सांगत होती की वर्गातही सगळं बिघडतं ते याच जागी: मराठी संपून गणित सुरू होताना, खिचडीची सुट्टी संपताना. एखादी गोष्ट चाललेली असताना ती अचानक “झाली” कशी, हे त्याला कळत नव्हतं. खरं तर ते आम्ही त्याला कधी सांगतही नव्हतो. घंटा सांगते ती वेळ झाल्यावर, आधी नाही.

याचं उत्तर मला माझ्याच वर्गात मिळालं. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मोठ्या मुली तीनतालात रियाज करत होत्या. एकीनं तिहाई घेतली आणि मी पाहिलं, ज्या नाचत नव्हत्या त्याही मुलींच्या माना समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, चालल्या होत्या. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा आणि शेवटचा बोल समेवर. पहिल्यांदा ऐकला की कळतं, शेवट येतो आहे. दुसऱ्यांदा ऐकला की अंतर कळतं. तिसऱ्यांदा आपण त्याच्या आधीच तिथं पोहोचलेलो असतो. कथकात प्रत्येक गोष्टीचा शेवट असा आगाऊ सांगून येतो. मी लहानपणापासून हे करते आणि हे कुणाला हवं असेल असं मला कधी सुचलं नव्हतं.

सगळ्यांत सोपी तिहाई घेतली: तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई. नऊ बोल. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेपासून, म्हणजे ‘खाली’ या बिनटाळीच्या मात्रेपासून सुरू केली की शेवटची थेई बरोब्बर समेवर पडते. नऊ टाळ्या, शेवटच्या टाळीला हात जुळलेले राहतात. १५ ऑक्टोबरला पहिल्यांदा केली. काहीच झालं नाही. थुंगा नेहमीसारखाच आडवा पडला. मला वाईट वाटलं, कारण मनातून मी चमत्काराची वाट पाहत होते. प्रत्येक गोष्ट संपताना ती करत राहिलो. नमस्कार संपताना, पावलं संपताना, खेळ संपताना. तासाला चार वेळा.

मग दिवाळीची सुट्टी. १२ नोव्हेंबरला परत आलो तर सगळं पाटी कोरी झाल्यासारखं. थुंगा पुन्हा बाकाखाली, तिगदाच्या फेऱ्या सुरू. त्यात २० तारखेला विधानसभेचं मतदान. शिक्षक प्रशिक्षणाला आणि कामाला, शाळा मतदान केंद्र. सभागृहातल्या माझ्या टेपच्या चौकोनांवर टेबलं आली आणि दोन तास बुडाले. ज्यांना असा उपक्रम करायचा आहे त्यांनी हे धरूनच चालावं. कागदावर माझे पन्नासएक तास होत होते. स्नेहसंमेलनाची तयारी, चाचण्या, सुट्ट्या जाऊन प्रत्यक्षात एकतीस झाले. आणि मोठ्या सुट्टीनंतरचे पहिले दोन तास फक्त जुनंच करावं, नवीन काही काढू नये.

मंगळवार, २६ नोव्हेंबर. चटईवर पडून झालं होतं, मी टाळ्या सुरू केल्या. पहिला तुकडा: थुंगा घुंगरू फिरवत होता. दुसरा: तो उठून बसला. तिसरा सुरू होताना त्यानं डब्याकडे पाहिलं, तत्, तत्, आणि थेईवर घुंगरू डब्यात टाकला. खण्ण आवाज झाला. मग कानावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. वर्गशिक्षिका दाराशी वह्या घेऊन उभी होती. आम्ही दोघी काही बोललो नाही, मला बोलणं शक्यही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ती तिहाई वर्गात नेली. मराठीचा तास संपायच्या आधी ती टाळी सुरू करे आणि एक्केचाळीस मुलं तिच्यात सामील होत. सगळ्यांत उत्साहानं तिगदा, कारण तिला वाजवायला अधिकृत परवानगी मिळाली होती. डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत मराठीतून गणिताकडे जाताना थुंगाचं आडवं पडणं रोजचं राहिलं नाही, कधीतरीचं झालं. ते बंद मात्र झालं नाही. मुख्याध्यापिका अचानक वर्गात आल्या किंवा वेळापत्रक बदललं की टाळ्या निष्फळ. हे नाचामुळेच झालं की वर्गशिक्षिकेच्या धीरामुळे की तो तीन महिन्यांनी मोठा झाला म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या विषयावरचे जे अभ्यास मी पाहिले तेही थोड्या मुलांवरचेच आहेत. “नृत्यानं ऑटिझम बरा होतो” असं कुणी सांगत पैसे मागत असेल तर तिथून निघून या.

डिसेंबरात एक त्रासदायक गोष्ट घडली. तासाचा एक छोटा व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरला, खाली अंगठे आणि “किती गोड” असे शब्द. थुंगा त्यात रडत होता. त्याच्या आईनं फोटोच्या ओळीवर सही केली नव्हती. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी तो काढायला लावला आणि तेव्हापासून सभागृहात मोबाईल आणायचा नाही असा नियम झाला, मलासुद्धा. ज्यानं टाकला त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या आईनं मला फोन करून विचारलं, “ताई, तुम्हाला चालेल का तुमचं रडणं सगळ्यांनी बघितलेलं?” नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता, ही माझी चूक.

स्नेहसंमेलन जानेवारीत होतं. संस्थेतून निरोप आला, की या मुलांचा एक नाच बसवा, पाहुण्यांना दाखवता येईल. मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. रंगमंचावरचे दिवे, डीजे, पडद्यामागचा अंधार, आणि निवेदनात “आपली विशेष मुलं” हे शब्द येणार हे ठरलेलं. त्याऐवजी आम्ही फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी बाराही मुलांच्या पालकांना तासाला बोलावलं. बसायला बाक नाहीत. त्यांच्यासाठीही टेपचे चौकोन. क्रान आपल्या वडिलांना पावली शिकवत होता. वडील गवंडी, पायात जोर भरपूर, पण डावं-उजवं चुकत होतं. क्रान म्हणाला, “पप्पा, घाबरू नका, आधी पाय दाबा.” समितीच्या बैठकीत प्रश्न विचारणारे ते पालकही आले होते. त्यांची मुलगी आमच्या सातांत होती.

थुंगाची आई त्या दिवशी आली, तो आला नाही. सर्दी होती. ती त्याच्या चौकोनात उभी राहिली.

खर्चाचं सांगायचं तर चटया, कानपट्ट्या, घुंगरू, दोरी, टेप, झेरॉक्स, सगळं मिळून साधारण चार हजार आठशे, शिवाय अभ्यासवर्गाचा खर्च आणि मिरज-सांगली ये-जा. संस्थेनं जानेवारीत प्रवासापोटी तीन हजार दिले. मानधन न घेणं मला परवडलं, कारण माझा वर्ग चालू होता. पण हे काम फुकटच व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. पुढच्या वर्षासाठी आम्ही अर्जात खर्चाचा तक्ता जोडला आहे आणि त्यात शिकवणाऱ्याच्या वेळेची ओळही घातली आहे.

शेवटचा तास २५ मार्चला झाला. वेगळं काही केलं नाही. तीच चार चित्रं, तोच क्रम. तिगदानं विचारलं, “उद्यापासून नाही?” मी म्हटलं, “जूनमध्ये बघू.” आश्वासन देता येत नव्हतं, म्हणून दिलं नाही. टेप काढताना फरशीवर बारा फिकट चौकोन राहिले, ते पुसून निघाले नाहीत.

एप्रिलमध्ये विशेष शिक्षिकेनं थुंगाचा पुढच्या वर्षासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा भरला. चौथीला त्याला नवे गुरुजी असणार आहेत. तिनं मला ते पान दाखवलं. “कृतीत बदल करताना घ्यायची काळजी” या रकान्यात तिनं निळ्या शाईत लिहिलं होतं: पूर्वसूचना म्हणून नऊ टाळ्यांची तिहाई द्यावी, वेग सावकाश, शेवटच्या टाळीनंतर दोन श्वास थांबावे. खाली वर्गशिक्षिकेची सही, मुख्याध्यापिकांची सही, आणि पालकाच्या जागी त्याच्या आईची. “सावकाश” हा शब्द मागाहून घातलेला दिसत होता, वर बाण काढून. तो आईनं घालायला लावला होता.